कानांनी वाचणाऱ्यांच्या बाजूने

गेल्या वाचन प्रेरणा दिनाला दादरच्या एका कार्यक्रमात एका ज्येष्ठ समीक्षकांनी ठामपणे सांगितलं, की ऑडिओबुक ऐकणारा माणूस श्रोता असेल, वाचक नव्हे; त्याने ‘मी अमुक पुस्तक वाचलं’ असं म्हणणं ही फसवणूक आहे. सभागृहात टाळ्या पडल्या. वक्ते अभ्यासू आहेत आणि त्यांच्या लेखनाबद्दल मला आदर आहे, त्यामुळे नाव घेऊन वाद घालायचा नाही. पण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. पुस्तकांच्या दुकानात, शाळेच्या शिक्षकखोलीत, संमेलनाच्या मांडवात ते सर्रास ऐकू येतं. मी परळला राहते आणि दृष्टिहीन वाचकांसाठी मराठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. ज्यांच्यासाठी मी हे करते ती माणसं वाचकच नाहीत, हे निमूटपणे ऐकून घेणं मला शक्य नाही.

त्यांचं म्हणणं आधी नीट मांडते. वाचन म्हणजे श्रम, असं ते म्हणाले. कागदावरच्या निर्जीव अक्षरांतून माणसं, आवाज, घरं, पाऊस हे सगळं वाचकाला स्वतः उभं करावं लागतं. ऑडिओबुकात ते काम दुसऱ्याचा आवाज करून टाकतो. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर भर द्यायचा, कुठल्या पात्राला हसायचं हे निवेदक ठरवतो आणि ऐकणाऱ्याला तयार अर्थ मिळतो. शिवाय ऐकणारा एका जागी बसत नाही. तो भाजी चिरतो, लोकलमध्ये उभा असतो, त्याचं लक्ष अर्धंच असतं. आणि मुलं अशीच ऐकत राहिली तर लिपीशी त्यांचं नातं तुटेल, लेखन बिघडेल.

यातला एकही आक्षेप पोरकट नाही. निवेदकाच्या आवाजाचा मुद्दा तर इतका भक्कम आहे, की त्याला उत्तर द्यायला मी या लेखातली बरीच जागा राखून ठेवली आहे. पण त्याआधी इतिहासाकडे बघायला हवं. कारण एकट्याने, मनातल्या मनात, हातात पुस्तक धरून केलेलं वाचन हेच काय ते खरं वाचन, ही समजूत मराठीत फार अलीकडची आहे, आणि ती मुंबईत बसून सांगितली जावी याचं मला जास्त वाईट वाटतं.

१८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा आसूड’ लिहून पूर्ण केला. तो लिहीत असतानाच ते तो लोकांना वाचून दाखवत होते. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी त्याची वाचनं केली, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला, हे त्यांनी स्वतःच प्रस्तावनेत नोंदवून ठेवलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे तेव्हा मुंबईहून ‘दीनबंधू’ चालवत होते. त्यांनी ‘आसूडा’ची पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापायला नकार दिला. जोतीरावांच्या हयातीत हा ग्रंथ संपूर्ण छापला गेला नाही. म्हणजे शेतसारा, सावकारी, जंगलखात्याचा जाच, सरकारी कचेऱ्यांतली लूट यांच्यावर मराठीत लिहिलेलं हे सर्वांत धारदार पुस्तक त्या काळात ज्यांना भेटलं, त्यांतल्या बहुतेकांना कानांवाटे भेटलं. ज्यांच्यासाठी ते लिहिलं होतं त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि जोतीरावांनी त्यावर तोड म्हणून ‘आधी साक्षर व्हा, मग या’ असं म्हटलं नाही. शाळा त्यांनी काढल्याच. पण पुस्तक मात्र शाळेच्या निकालाची वाट बघत थांबलं नाही. ओतूरच्या त्या सभेत बसलेल्या शेतकऱ्याने ‘आसूड’ वाचला नव्हता असं आपण म्हणणार असू, तर त्याने केलं ते काय, याचं उत्तर द्यावं लागेल.

दुसरं उदाहरण आपल्या परळ-दादरच्या घरातलं आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभं राहिलं ते पुस्तकांसाठी. बाबासाहेब आंबेडकरांएवढा वाचणारा माणूस या शहरात दुसरा झाला नाही, यावर दुमत नसावं. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी लहानपणाची एक आठवण सांगितली आहे. वडील, सुभेदार रामजी, त्यांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला रोज रामायण-महाभारताचा काही भाग मोठ्याने वाचायला लावत. ऐकायला बहिणी असत आणि घरी कथेसाठी जमलेली माणसं असत. हा क्रम कित्येक वर्षं चालला. या प्रसंगात वाचक कोण? फक्त भीमराव आणि त्याचा भाऊ? समोर बसलेल्या बहिणी कोण होत्या? मुलगे वाचणार आणि मुली ऐकणार ही वाटणी ज्या समाजाने केली, त्याच समाजाने आता ऐकणाऱ्यांना खालच्या पायरीवर बसवावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

गिरणगावाचं तर संपूर्ण वाचन असंच झालं आहे. हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगार वर्गणी काढून वाचणारा माणूस नेमायचे. हात तंबाखूत आणि कान कादंबरीत, अशी ती रीत होती. माँटेक्रिस्टो या प्रसिद्ध सिगारचं नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून पडलं ते त्या वाचनांमुळे. आपल्या गिरण्यांत हे जमण्यासारखं नव्हतं. साचाखात्यात मागांचा आवाजच असा, की शेजारच्या साचेवाल्याशीही हातवाऱ्यांनी बोलावं लागे. त्यामुळे इथलं वाचन पाळी सुटल्यावर, चाळीच्या गॅलरीत, एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत व्हायचं. आधी ‘केसरी’, ‘दीनबंधू’, १९२३ पासून गिरगावातून निघणारा ‘नवाकाळ’, श्रावणात ‘हरिविजय’ नाहीतर ‘पांडवप्रताप’. वाचता येणारा एक, ऐकणारे दहा-पंधरा, आणि मध्येच थांबवून प्रश्न विचारणारेही त्यांतलेच. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, तिने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली, पुस्तकं वस्त्यांपर्यंत नेली. त्या पुस्तकांचं वाचन एकेका डोळ्याच्या हिशेबाने मोजलं तर त्या कामाचा निम्मा पसाराही दिसणार नाही. १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षरांचं प्रमाण शेकडा १८ होतं. उरलेल्या ८२ जणांकडे साहित्य पोहोचलंच नाही, असं कुणी म्हणेल का?

माझी आत्या डिलाईल रोडला खानावळ चालवायची. तिला सहीपुरतीही अक्षरं येत नव्हती. रात्रपाळीचा एक गडी दुपारी उठला की तिच्या चुलीशेजारी बसून तिला शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ वाचून दाखवायचा. ती भाकऱ्या थापत ऐकायची. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण असे एकेक जण आपापल्या तोंडून बोलतात, त्यामुळे ते पुस्तक कानाला सोपं जातं. आत्याने कुंतीचा भाग त्याला परत वाचायला लावला होता, कारण तिला कुंतीचा राग आला होता आणि तो राग बरोबर आहे की नाही याची तिला खात्री करून घ्यायची होती. पुढे आम्हा मुलींशी ती त्यावर भांडायची. मराठी घेऊन पदवी मिळवलेल्या कितीतरी जणांशी मी ‘मृत्युंजय’बद्दल बोलले आहे. कुंतीबद्दल आत्याइतका विचार केलेला त्यांत क्वचितच कुणी भेटला.

आणि ही फक्त घेणाऱ्यांची बाजू झाली. देणाऱ्यांकडे बघा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून घेतल्या म्हणून १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपात आली. अण्णाभाऊ साठ्यांची शाळा म्हणजे दीड दिवस. अक्षरओळख त्यांना झाली ती मुंबईत. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर १९४४ साली त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि परळच्या कामगार मैदानावर हजारोंनी त्यांना आधी ऐकलं. ‘फकिरा’ छापून आली ती १९५९ साली. नारायण सुर्व्यांची कविता ‘ऐसा गा मी ब्रह्म’ या संग्रहातून १९६२ साली पुस्तकात आली खरी, पण गिरणगावाने ती सुर्व्यांच्या तोंडून, सभांमधून पाठ केली. मराठी साहित्याच्या इतिहासातून कान वजा केला तर त्यात या तिघांपैकी कुणाला जागा उरेल?

आता निवेदकाच्या आवाजाचा मुद्दा. या वर्षात मी जी पुस्तकं संपवली, काही डोळ्यांनी, काही कानांनी, काही स्वतः मोठ्याने वाचून, त्यांच्याच आधारे बोलते. कारण हा प्रश्न तत्त्वाने सुटत नाही, एकेका पुस्तकापाशी जाऊन सुटतो.

‘बटाट्याची चाळ’ मी पुलंच्या आवाजात पुन्हा ऐकली आणि नंतर पुस्तक पुन्हा वाचलं. समीक्षक म्हणतात ते इथे काही अंशी खरं आहे. पुलंचा आवाज एकदा कानात बसला की पान उघडल्यावरही तोच बोलू लागतो; त्यांनी जिथे हशा घेतला तिथेच आपण हसतो. पण याचा उलटा अनुभवही मला याच पुस्तकात आला. शेवटच्या चिंतनाच्या भागात चाळीबद्दलची जी हुरहूर आहे, ती शाळकरी वयात डोळ्यांनी वाचताना माझ्याकडून सुटली होती, कारण विनोदी पुस्तक म्हणून मी ते वेगाने पालथं घातलं होतं. पुलंनी त्या भागात जो वेग कमी केला त्याने ती मला दाखवून दिली. गिरगावातल्या चाळी एकेक करून टॉवरला जागा देत असताना तो भाग ऐकणं जड जातं. लेखकाच्या आवाजाने माझं स्वातंत्र्य घेतलं म्हणायचं, की मी जिथून घाईने पुढे गेले होते तिथे मला थांबवलं म्हणायचं?

दया पवारांचं ‘बलुतं’ ग्रंथालीने १९७८ साली काढलं. ते मी रेकॉर्डिंगसाठी वाचलं आणि मोठ्याने वाचल्यावरच त्याची रचना मला उलगडली. एक पवार दुसऱ्या पवारला, म्हणजे शिकलेला दया पवार स्वतःच्याच पोटातल्या दगडू मारुती पवारला बोलतं करतो आणि ऐकतो. म्हणजे पुस्तकाच्या आतच एक सांगणारा आणि एक ऐकणारा आहे. ते मनात वाचलं तर ही योजना आपण प्रस्तावनेसारखी मागे टाकतो. कानाला मात्र ती प्रत्येक पानावर जाणवते, कारण सांगणाऱ्याच्या आवाजात कधी लाज येते, कधी खोटी बेफिकिरी येते, आणि ती ज्याला सांगितली जाते तो तिथेच बसलेला असतो. कावाखान्याची वर्णनं वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. डोळ्यांनी वाचताना मी तीच वाक्यं पटकन ओलांडली होती. डोळ्यांना हे जमतं. नको असलेला परिच्छेद, लांबलेलं वर्णन, अवघड नाव डोळा सहज गाळतो, आणि आपण तरीही ‘अथपासून इतिपर्यंत वाचलं’ म्हणतो. आवाजाला गाळता येत नाही. श्रमाचाच हिशेब करायचा असेल तर हेही त्यात धरावं.

भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ याहून अवघड. १९६५ साली तो आला तेव्हा त्याच्यावर अश्लीलतेचे आरोप झाले. पोक्या आणि त्याच्या नाक्यावरच्या पोरांची ती भाषा कानानेच लिहिलेली आहे, पण ती मोठ्याने वाचताना निवेदकाची परीक्षा होते. थोडा अभिनय जास्त झाला की ती पोरं टपोरी नट होतात आणि त्यांच्यातलं रिकामपण नाहीसं होतं. माझ्या स्वतःच्या मते ‘वासूनाका’ जवळजवळ सपाट आवाजात वाचायला हवा. याचा अर्थ एवढाच, की वाईट निवेदन पुस्तक बिघडवतं. वाईट भाषांतरही पुस्तक बिघडवतं. तोलस्तोय, दस्तयेवस्की, मार्केज मराठीतून वा इंग्रजीतून वाचणारे आपण सारे मूळ लेखकाचा एकही शब्द न वाचता ‘मी ॲना कॅरेनिना वाचली’ असं म्हणतो. तिथे तर अनुवादकाने लेखकाचा प्रत्येक शब्द बदललेला असतो. निवेदक एकही शब्द बदलत नाही, फक्त उच्चारतो. अनुवादातून वाचलेलं वाचन ठरतं आणि उच्चारातून वाचलेलं ठरत नाही, यामागची कसोटी मला कुणी समजावून द्यावी.

उलट बाजूचं उदाहरणही देते, कारण मला सगळंच कानात कोंबायचं नाही. जयंत पवारांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह, ज्याला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो मी कागदावरच वाचला आणि कागदावरच वाचायला हवा असं माझं मत झालं. संपानंतरचं गिरणगाव, माणसांची झालेली राख आणि तिच्यातून निघणाऱ्या चमत्कारिक गोष्टी, यांत काळ मागेपुढे होतो आणि कोण कुणाची गोष्ट सांगतो आहे हे बघायला मला पानं उलटून मागे जावं लागलं. ऐकताना मागे जाणं कष्टाचं असतं. अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’सुद्धा पानावरच. तिथे ओळीची लांबी आणि ओळींमधली मोकळी जागा हीही कवितेचीच असते, ती आवाजात पुरती उतरत नाही. तळटीपा, कोष्टकं, सनावळ्या असलेले ग्रंथ तर ऐकवताना माझी दमछाक होते. आणि ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या मीना मेनन आणि नीरा आडारकरांच्या पुस्तकाबाबत माझी हळहळ वेगळीच आहे. गिरणगावच्या माणसांनी बोलून सांगितलेल्या साक्षी त्यात आहेत. वाचताना सतत वाटत राहतं, की हे त्यांच्या आवाजात ऐकायला मिळालं असतं तर.

प्रत्येक पुस्तकाची गरज वेगळी आहे, एवढंच यातून सिद्ध होतं. कुठल्या पुस्तकाला कुठली वाट बरी, यावर जरूर भांडू या. मला आवडेल ते. पण त्यासाठी ऐकणाऱ्याचं पुस्तक आधी ‘वाचलेलं’ मानावं लागेल. नाहीतर त्याचं मत विचारणार कसं?

संशोधनाबद्दल थोडक्यात. बर्कलीच्या फातमा डेनिझ आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवलं, की एकच गोष्ट ऐकताना आणि वाचताना मेंदूत अर्थाचं जे जाळं उजळतं ते जवळजवळ सारखंच असतं. २०२२ साली व्हर्जिनिया क्लिंटन-लिझेल यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. एकंदर आकलनात फरक आढळला नाही. मात्र वाचकाला स्वतःच्या गतीने वाचता येत असेल आणि दोन ओळींमधलं ताडायचं असेल, तर छापील मजकुराला थोडी सरशी मिळाली. हे मी लपवत नाही. जयंत पवारांच्या कथांबाबत मला जे जाणवलं त्याच्याशी ते जुळतंही. म्हणून मुलांच्या बाबतीत समीक्षकांशी मी अर्धी सहमत आहे. लिपी शिकणाऱ्या मुलाने डोळ्यांनी, बोट ठेवून, अडखळत वाचलंच पाहिजे, त्याला दुसरा पर्याय नाही. पण ज्या घरात मुलाला रोज रात्री कुणी पुस्तक वाचून दाखवतं तिथलं मूल पुस्तकापासून दूर जातं, असं मी तरी पाहिलेलं नाही.

आता लक्षाचा मुद्दा, ज्यात भाजी चिरणारी बाई आली. ते उदाहरण वक्त्यांना सहज सुचलं असेल, पण मला त्यात बरंच काही दिसतं. खुर्ची, दिवा, दार लावून घेता येईल अशी खोली आणि एक अखंड तास, हे चाळीत वाढलेल्या किती बायकांना कधी मिळालं? आजही कल्याण-विरारहून लोअर परळला कामाला येणारी मुलगी दिवसातले तीन तास उभ्याने प्रवास करते. हातात पुस्तक धरायला तिला दोन्ही हात मोकळे नसतात. ती त्या वेळात कानांनी एक आख्खी कादंबरी पूर्ण करत असेल, तर तिचं लक्ष अर्धं आहे हे आपण बाहेरून कसं ठरवतो? उशीवर डोकं टेकून पुस्तक छातीवर घेऊन झोपी जाणाऱ्याचं लक्ष कधी कुणी मोजलं नाही. सभागृहात तो सन्मानाने वाचक ठरतो.

आणि या वादात ज्यांचं नाव कुणी घेतलं नाही, त्यांच्याविषयी. दादरची अंध मुलींची शाळा १९०० साली सुरू झाली, म्हणजे मुंबईत दृष्टिहीन वाचक सव्वाशे वर्षांपासून आहेत. वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने बोलत्या पुस्तकांचं काम उभं केलं. ब्रेल सगळ्यांना येत नाही. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना तर ते शिकणं फार कठीण, आणि ब्रेलमध्ये मराठी साहित्याचा अगदी लहान भाग उपलब्ध आहे. म्हणून आवाज. आपल्या कायद्याला हे समजलं आहे. २०१२ सालच्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचं सुलभ रूप करायला परवानगी दिली. २०१३ साली माराकेशमध्ये याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. कायदा या रूपांना पुस्तकच मानतो. मग व्यासपीठावरून ‘ते वाचन नव्हे’ असं म्हटलं जातं तेव्हा ते कुणाला उद्देशून असतं? ‘अंधांची गोष्ट वेगळी’ असं उत्तर मला कार्यक्रमानंतर एकाने दिलं. वेगळी कशी? तोच मजकूर, तोच आवाज, तेच कान. एकाच क्रियेला दृष्टिहीन माणसाच्या बाबतीत सवलत म्हणून वाचन म्हणायचं आणि डोळसाच्या बाबतीत आळस म्हणायचं, यात दोघांचाही अपमान आहे. मी ज्यांच्यासाठी वाचते त्यांतल्या एका निवृत्त शिक्षकांनी ‘स्मृतिचित्रे’ ऐकून मला फोनवर विचारलं होतं, की एका प्रसंगात लक्ष्मीबाई चिडून बोलतात तिथे मी आवाज इतका मऊ का ठेवला. त्यांचं बरोबर होतं. ते प्रकरण मी पुन्हा वाचून दिलं. इतक्या बारकाईने वाचणारा माणूस कुणाला सवलत मागत नाही.

माझी खरी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी मराठीत उतरली, तेव्हापासून ऑडिओबुकं वाढली हे चांगलं झालं. पण त्यांचा दर्जा सगळीकडे सारखा नाही. काही ठिकाणी पार्श्वसंगीत इतकं घुसतं की वाक्य बुडून जातं. काही निवेदक प्रत्येक पात्राला नाटकी आवाज देतात. संक्षिप्त आवृत्ती आहे हे ठळकपणे सांगितलं जात नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथनं केली तेव्हा समोर एक साधा मायक्रोफोन असे, आणि लोकांना तेवढं पुरे होतं. समीक्षकांनी या दर्जावर बोट ठेवावं, निवेदनाची समीक्षा लिहावी. ती मराठीत जवळजवळ नाहीच. नाटकाची समीक्षा आपल्याकडे होते, गाण्याची होते. पुस्तक कसं वाचलं गेलं याची का होऊ नये?

आणि वाचन कमी झाल्याची चिंता असेल, तर तिचं कारण कानात घातलेल्या हेडफोनमध्ये शोधू नये. मराठीत गंभीर पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची निघाली तरी ती संपायला वर्षं लागतात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आले, आणि त्यांच्याबरोबर कामगारवस्तीतली वाचनालयं, रात्रशाळा, व्याख्यानमाला यांचा आधार गेला. परळचं दामोदर नाट्यगृह शंभरी गाठून बंद झालं. ज्या माणसाच्या पायाखालून वाचनाची जागाच काढून घेतली, तो मोबाइलवर पुस्तक ऐकतो आहे म्हणून त्याला बोल लावणं बरोबर नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती गिरगाव-दादरच्या प्रकाशकांकडे आणि वाचनालयांकडे आहे. १८९८ सालापासून चालत आलेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी छापील पुस्तकांबरोबर ध्वनिमुद्रित पुस्तकंही देवघेवीत ठेवावीत. त्यांची नोंद त्याच खात्यात, त्याच तारखेच्या शिक्क्याखाली व्हावी. प्रकाशकांनी नव्या करारात ध्वनिहक्काचा वेगळा मोबदला लेखकाला द्यावा आणि पुस्तकावर निवेदकाचं नाव छापावं. आणि ज्या पुस्तकांची पुढची आवृत्ती काढणं परवडत नाही, जी आता फक्त फुटपाथवर नाहीतर कुणाच्या तरी कपाटात सापडतात, ती निदान आवाजात उपलब्ध करून द्यावीत. अशा पुस्तकांची एक यादी आम्ही ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी केली आहे. त्यातली बरीचशी पुस्तकं एके काळी गिरगावातल्याच छापखान्यांत छापली गेली होती. हक्क कुणाकडे आहेत हे शोधण्यात सध्या आमचा सगळा वेळ जातो आहे, आणि प्रकाशकांनी एक पत्र दिलं तर आम्ही पुढच्या आठवड्यातच वाचायला बसू शकतो.